पानकाकू आणि एकाहत्तरावा प्रश्न

माझ्या आईला सगळी अभ्यासिका पानकाकू म्हणते, आणि तिला त्यात काही गैर वाटत नाही. मला वाटतं. मला पुष्कळ गोष्टींचा राग येतो, म्हणून तर सगळे मला मिरची म्हणतात. पण हे नाव तिला कसं चिकटलं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

आमची अभ्यासिका म्हणजे एक लांबट खोली. छत्तीस टेबलं, छत्तीस खुर्च्या, त्यातल्या चार डुगडुगणाऱ्या. एका भिंतीला पुस्तकांची दोन कपाटं, समोर फळा, आणि मागच्या दाराआड आमचं बिऱ्हाड. वडील मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून आई ही अभ्यासिका सांभाळते. झाडायचं, पाणी भरायचं, हजेरीची वही ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने "कुजबुज बाहेर!" म्हणून ओरडायचं, ही तिची नोकरी. ती स्वतः दहावी नापास. इथे येऊन बसणारे सगळे मात्र मोठ्या सरकारी परीक्षांची तयारी करणारे. कुणाचं दुसरं वर्ष, कुणाचं सहावं.

भिंतींवर मुलांनी चिकटवलेली वाक्यं होती. स्वप्नं मोठी बघा, हार मानू नका, अमुक करा, तमुक करू नका. प्रत्येकाखाली एक डोंगर, नाहीतर उगवता सूर्य. आई म्हणायची, "एवढे सूर्य लावलेत, पण ट्यूब गेली की स्टुलावर मलाच चढावं लागतं." कोणी तोंड पाडून बसलं की तिचं भाषण ठरलेलं. "उठ. तोंड धू. पान उघड. वाचून झालं की मग काय रडायचं ते रड." आश्चर्य म्हणजे वाचून झाल्यावर फारसं कोणी रडत नसे.

रोज सकाळी सात वाजता ती फळ्यावर सामान्यज्ञानाच्या पाच गोष्टी लिहायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचा तिनेच हट्टाने सुरू केलेला उद्योग. सुरुवातीला मुलं जे सांगतील ते ती लिहायची. असंच एकदा कोणीतरी सांगितलं, जगातलं सगळ्यांत मोठं वाळवंट सहारा. आईने टपोऱ्या अक्षरात लिहिलं. महिन्याभराने परीक्षेत नेमका तोच प्रश्न! आमच्या चौघांनी डोळे मिटून सहारा लिहिलं. उत्तर होतं अंटार्क्टिका. बर्फाचं असलं म्हणून काय झालं, पाऊस पडत नाही म्हणजे वाळवंटच. सहारा सगळ्यांत मोठं खरं, पण उष्ण वाळवंटांत. त्या चौघांपैकी एकजण एका गुणाने गेला. त्याने पुस्तकं पिशवीत भरली, आईला "येतो काकू" म्हणाला आणि परत आला नाही.

आईने आठ दिवस फळ्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी लिहायला लागली ती नवीन नियमाने. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक सांगितल्याशिवाय एक अक्षर लिहायची नाही. "ते खरं असेल रे बाबा, पण पान दाखव." मग ते तिच्या तोंडातच बसलं. कोणी म्हणालं, काकू, पंखा आवाज करतो, तर मुलंच एका सुरात ओरडायची, "पान दाखव!" मी एकदा तिला सांगितलं की मला ताप आहे. बाईसाहेबांनी थर्मामीटर आणलं. म्हणाली, "हे त्याचं पान."

अशी आई असल्यावर मी परीक्षेला बसणार हे काही वेगळं ठरवावं लागलं नाही. दोनदा पडले. पहिल्यांदा तयारी नव्हती, दुसऱ्यांदा घाई नडली. माझा रोगच तो. प्रश्न अर्धा वाचला की हात उत्तराचा गोल काळा करायला निघतो.

बावीस नंबरच्या टेबलावर नर्सताई बसायची. ती सरकारी दवाखान्यात कामाला होती. पाळी संपली की गणवेशातच यायची, बूट काढून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवायची आणि ओठ हलवत वाचायची. त्या पुटपुटण्याचा मला भयंकर राग यायचा. पण विज्ञान आणि भूगोल मला तिनेच शिकवलं, हेही तितकंच खरं. तिचं वय मर्यादेला टेकलं होतं. हा तिचा शेवटचा प्रयत्न, यानंतर फॉर्मच भरता येणार नव्हता. ती ते कधी रडून सांगायची नाही. "यंदा नाही जमलं तर आयुष्यभर सलाईन लावीन, त्यात काय," असं म्हणायची आणि पुन्हा पुटपुटायला लागायची.

परिवलन आणि परिभ्रमण या दोन शब्दांत माझा कायम घोटाळा व्हायचा. एक दिवस तिने मला दोन टेबलांच्या मधल्या बोळात उभं केलं. म्हणाली, "तू सूर्य. तापट आहेसच. मी शुक्र." आणि माझ्याभोवती फेरी मारायला लागली. चालता चालता स्वतःभोवतीही वळत होती, पण उलट्या बाजूने आणि इतकी हळू की मला हसू यायला लागलं. तिची फेरी पुरी झाली तरी गिरकी बाकीच होती. "बघ मिरचे, परिभ्रमण म्हणजे दुसऱ्याभोवती, ते झालं. परिवलन म्हणजे स्वतःभोवती, ते अजून चाललंय. शुक्राचं वर्ष सव्वादोनशे दिवसांचं, आणि एक गिरकी दोनशे त्रेचाळीस दिवसांची." सगळी अभ्यासिका हसत होती. आईसुद्धा. मग आईने कपाटातून खगोलशास्त्राचं जुनं जाडं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर आलं.

आणि परीक्षेत तोच प्रश्न आला. एकाहत्तरावा. दोन विधानं होती. पहिलं, शुक्र स्वतःभोवती पृथ्वीच्या उलट दिशेने फिरतो. दुसरं, शुक्राच्या परिवलनाला परिभ्रमणापेक्षा जास्त काळ लागतो. पर्याय एक, फक्त पहिलं बरोबर. दोन, फक्त दुसरं. तीन, दोन्ही बरोबर. चार, दोन्ही चूक. मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. स्वतःभोवती फिरायला वर्षापेक्षा जास्त वेळ? असं कुठे असतं का? हे तर सरळ फसवायला घातलंय! आणि मी पर्याय एकचा गोल काळा केला. बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच आठवलं. कपाळावर हात मारून घेतला. कोणाला सांगितलं मात्र नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

दहा दिवसांनी पहिली उत्तरतालिका लागली. मी प्रश्नपत्रिकेवरच्या माझ्या खुणा समोर ठेवून एकेक उत्तर ताडत गेले. एकाहत्तरला आले तर तालिकेत उत्तर होतं, एक.

दोनदा डोळे चोळले. एकच होतं. तालिका करणाराही माझ्यासारखाच फसला होता! शहाण्याने मलाच गुण देऊन टाकला होता. माझी बेरीज झाली एकसष्ट. यंदाची निवडीची रेषा साठाच्या आसपास राहणार असं जो तो म्हणत होता. मी आईला एवढंच सांगितलं, एकसष्ट होतात. तिने हातातली बादली खाली ठेवली आणि मला जवळ घेतलं. मला आठवतंय, तिचे हात ओले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आईचा फोन वाजला. नर्सताई होती. आईने बोलताना फोन कानापासून लांब धरायची सवय ठेवलेली, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिचे होत होते साडेएकोणसाठ. आणि एकाहत्तरचं उत्तर तालिकेत साफ चूक होतं. तिने तीन लिहिलं होतं. ते मान्य झालं तर एक गुण मिळणार आणि चुकीच्या उत्तरासाठी कापलेला पावही परत येणार, म्हणजे पावणेएकसष्ट. आक्षेप घ्यायला आज संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. परीक्षा कार्यालयाच्या खिडकीवर स्वतः जायचं, सोबत छापील पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स आणि दाखवायला मूळ पुस्तक. इंटरनेटवरचं चालणार नाही. शहरातलं मोठं वाचनालय पुस्तकांच्या मोजणीसाठी आठवडाभर बंद.

"काकू, आपलं ते जाडं पुस्तक आहे ना?"

"आहे की. कपाटातच आहे. कधी येतेस?"

"दोनला सुटते. तशीच येते."

मी हिशोब केला. करायला काही लागतच नव्हतं. उत्तर बदललं तर माझा एक गुण जाणार, वर पाव कापला जाणार. एकसष्टाचे पावणेसाठ. तिला चढायला जेवढं लागत होतं, तेवढंच मला बुडवायला पुरेसं होतं.

आई पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेली. मी उठले, कपाट उघडलं, पुस्तक काढलं. मागच्या बोळात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या रद्दीचे गठ्ठे असतात. त्यातल्या एकाची सुतळी सोडली, मधोमध पुस्तक घातलं आणि परत बांधलं.  मनात काय चाललं होतं ते खरं सांगते. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. मला नर्सताईचा राग आला होता! हजारो मुलं बसली आहेत परीक्षेला, कोणीतरी घालेलच की आक्षेप. हिलाच कसली घाई? आणि कोणीच घातला नाही तर तो काय माझा गुन्हा?

साडेअकराला आईचं झाडून झालं. बारा वाजता तिने कपाट उघडलं आणि म्हणाली, "अगं, पुस्तक दिसत नाही."

"असेल तिथेच. नीट बघ."

ती बघायला लागली. एकेक पुस्तक काढून, पुसून, परत ठेवत. पहिलं कपाट झालं, दुसरं झालं. मग टेबलांचे खण. मग हजेरीच्या वह्यांचा ढीग. मी एकोणीस नंबरच्या टेबलावर पुस्तक उघडून बसले होते. तेच पान किती वेळ समोर होतं कोण जाणे. खोलीत आम्ही दोघीच. परीक्षा झाल्यामुळे बाकी सगळे घरी गेलेले. घड्याळाच्या काट्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. आई मधूनच थांबायची, कमरेवर हात ठेवून छताकडे बघायची, पुन्हा शोधायची. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दोन वाजले. नर्सताई आली नाही. अडीच झाले. माझ्या मनात एक घाणेरडा विचार आला, की आली नाही तर किती बरं होईल. तीन वाजले तशी मला जरा भूकसुद्धा लागली.

तीन वाजून वीस मिनिटांनी फोन.

"काकू, मला सोडत नाहीत. पुढच्या पाळीची आलीच नाही. वॉर्डात मी एकटी आहे, दोन पेशंट गंभीर आहेत. सोडून कशी येऊ? तुम्ही मिरचीला फोन द्या."

आईने फोन माझ्या हातात दिला.

"मिरचे, ऐक. ती खिडकी फक्त परीक्षेला बसलेल्यांचाच अर्ज घेते, प्रवेशपत्र बघून. बाकीचे घरी गेलेत, जवळ अशी तूच आहेस. तूच घाल आक्षेप, तुझ्या नावाने. एकाने घातला तरी सगळ्यांना लागू होतो." ती धापा टाकत बोलत होती, मागे कोणीतरी कण्हत होतं. "तुझं तर बरोबरच असणार ते. आपण दोघींनी मिळून केलं होतं ना? तू सूर्य झाली होतीस. तुझाही गुण वाढेल गं. जाशील ना?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. माझा चेहरा कानापर्यंत तापला होता. तिने मला विनवलं असतं, पाया पडली असती, तरी मी कदाचित तग धरला असता. पण ती बया मला माझाच गुण वाढवून देत होती! मी बरोबरच लिहिलं असणार, हे तिने धरूनच चाललं होतं.

मी मागच्या बोळात गेले, गठ्ठा सोडला, पुस्तक आणून आईसमोर टेबलावर ठेवलं. आणि बोलून टाकलं. ओरडूनच बोलले बहुतेक. "मी लपवलं होतं. मी एक लिहिलंय. हे दिलं की मी पावणेसाठवर येते. कळलं? आता बोल काय बोलायचं ते."

आई पुस्तकाकडे बघत राहिली. मला वाटलं आता तोंड सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "साडेतीन होत आले. चप्पल घाल."

"तू मला विचारत पण नाहीस?"

"तू काढून आणलंस ना? मग मी काय विचारू?"

तिने अभ्यासिकेला कुलूप लावलं. कामाच्या दिवशी भर दुपारी तिने कुलूप लावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. पुस्तक तिच्या मांडीवर, कापडी पिशवीत. रस्ता खणून ठेवलेला, बस मुंगीच्या पावलाने चालत होती. चार वाजले. चार दहा. मी मनातल्या मनात म्हणत होते, अडकू दे. मग म्हणत होते, अगं चल ना एकदाची. एकाच मिनिटात दोन्ही. आई खिडकीबाहेर बघत होती. एकदा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मी तो झटकला.

कार्यालयाच्या समोरच झेरॉक्सचं दुकान. पानाची प्रत काढली, मुखपृष्ठाची काढली. खिडकीपुढे सातजण होते. माझा नंबर आला तेव्हा पाचला पंधरा मिनिटं कमी. आतला कारकून चष्मा डोक्यावर चढवून बसलेला, दिवसभर त्याच त्या प्रश्नांनी विटलेला. त्याने प्रवेशपत्र बघितलं, प्रती बघितल्या, पुस्तक चाळलं.

"छपाईचं पान कुठंय? प्रकाशक, आवृत्ती, साल?"

"ते मूळ पुस्तकात आहे ना."

"प्रत लागते. आणा. पाचला खिडकी बंद."

मी वळले तर आईने पुस्तक केव्हाच उचललं होतं. "तू अर्ज भर," म्हणाली आणि निघाली. तिचा डावा गुडघा दुखरा आहे, जिने ती एकेक पाय टेकवत उतरते. ती त्या दिवशी धावली. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने जोरात हॉर्न वाजवला.

मी अर्ज भरायला लागले. नाव. बैठक क्रमांक. प्रश्न क्रमांक एकाहत्तर. तालिकेतील उत्तर, एक. आपल्या मते योग्य उत्तर, तीन. त्याच्या खालची ओळ होती, आपण उत्तरपत्रिकेत नोंदवलेला पर्याय.

पेन तिथे थांबलं. मला वाटलं होतं, निदान हे कोणाला कळणार नाही. हळूच लिहिलं, एक.

कारकुनाने अर्ज ओढून घेतला, वाचला, डोक्यावरचा चष्मा खाली आणला आणि परत वाचला.

"ताई, काहीतरी चुकतंय. तुम्ही लिहिलंय एक. तालिकेत आहे एक. तुम्हाला गुण मिळालाय."

"माहितेय."

"आक्षेप मान्य झाला तर तुमचाच गुण जाईल. वर पाव कापतील."

"माहितेय हो!" मी एवढ्या जोरात म्हणाले की रांगेतले मागचे दोघे पुढे वाकून बघायला लागले. "गणित येतं मला."

"मग कशाला घालताय?"

तेवढ्यात आई आली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, तोंडाने श्वास चाललेला. तिने छपाईच्या पानाची प्रत खिडकीतून आत सरकवली. भिंतीवरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं होती. कारकुनाने तिच्याकडे बघितलं.

"या कोण तुमच्या?"

"मुलगी," आई म्हणाली.

"अहो, समजवा तिला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय. अजून शिक्का मारलेला नाही मी, अर्ज परत घेता येईल."

आई माझ्याकडे बघायला लागली. काहीच बोलेना. मला इतका राग आला! ही नुसती बोलली असती, 'घाल', तर मी पुढची दहा वर्षं तिच्या नावाने खडे फोडू शकले असते. 'नको घालूस' म्हणाली असती तरी चाललं असतं. पण नाही. पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरून नुसती उभी.

"मारा शिक्का," मी म्हणाले. आवाज चिरकलाच.

त्याने मारला. पोच दिली. आम्ही बाहेर आलो तेव्हा मागे खिडकीचं लाकडी दार बंद झालं.

महिन्याने अंतिम उत्तरतालिका आली. एकाहत्तरचं उत्तर, तीन. बाजूच्या रकान्यात लिहिलं होतं, प्राप्त आक्षेप एक. एवढ्या हजारो मुलांमधून एक! प्रत्येकाला वाटलं असणार, दुसरं कोणीतरी घालेलच. आठवड्याभरात निकाल लागला. रेषा बरोब्बर साठावर. नर्सताई आत. मी पाव गुणाने बाहेर.

ती धावतच आली, गणवेशात, हातात एक पाकीट बिस्किटं. मला मिठी मारून ढसाढसा रडली. मग माझं विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "कुठे चुकलं गं?" म्हणाली. मी म्हणाले, "एका ठिकाणी थोडीच चुकलंय, सतराशे साठ ठिकाणी." ती गेल्यावर मात्र माझा बांध फुटला. आई मागच्या बोळात रद्दी बांधत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या त्या पानाने माझं वाटोळं केलं. तुला सगळं जग प्यारं, पोटची पोर सोडून. दुसऱ्या कुठल्या आईने असं केलं असतं? तू एकदा तरी नको म्हणायचं होतंस.

तिने सगळं ऐकून घेतलं. सुतळी दाताने तोडली आणि खाली बघतच म्हणाली, "ती गाठ माझी नव्हती."

"कसली गाठ?"

"त्या दिवशीची, या गठ्ठ्याची. मी नेहमी दुहेरी मारते. तू सरकगाठ मारली होतीस. झाडताना दिसली मला, साडेअकराला. सोडून बघितलं. पुस्तक बघितलं, आतलं पानही बघितलं. आणि परत बांधून ठेवलं. तुझ्यासारखीच सरकगाठ मारून."

 "म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुझी प्रश्नपत्रिका मी आदल्या दिवशीच बघितली होती. एकाहत्तरला पर्याय एकवर खूण होती."

"मग बारा वाजल्यापासून ते दोन कपाटं, खण, वह्या... काय शोधत होतीस तू?"

"काही नाही." तिने आता वर बघितलं. "पाच वाजायची वाट बघत होते."

बाहेर कोणीतरी अभ्यासिकेचं दार उघडलं, खुर्ची ओढली. दोघीही उठलो नाही.

"आणि तू पुस्तक आणून समोर ठेवलंस ना," आई म्हणाली, "तेव्हा पहिल्यांदा मला तुझा राग आला. मनात म्हटलं, कशाला आणलंस गं कार्टे? मी सांभाळलं असतं ना. मग लाज वाटली. त्या माणसाने समजवा म्हटलं तेव्हा माझ्या तोंडातून 'घे परत' बाहेर पडणार होतं. पिशवी धरून उभी होते ती म्हणूनच. बोलले असते तर तेच बोलले असते."

तिला रडू फुटलं. माझ्या आईला मी वडील गेले तेव्हाच रडताना पाहिलं होतं. मी तिच्या शेजारी रद्दीवर बसले. रागाचं काय करायचं तेच कळेना. तो होताच, पण तिच्यावर राहिला नव्हता. तिने पदराने नाक पुसलं आणि माझा हात हातात घेतला. या वेळी मी तो झटकला नाही.

"तू माझ्यापेक्षा बरी निघालीस," ती म्हणाली.

"डोंबलाची बरी," मी म्हणाले, "पावणेसाठ!" आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते रडू आवरेपर्यंत.